दरमहा पैसे देणारे ईटीएफ: एका पे-रोलवाल्या बाईची तपासणी

निवृत्तीसाठी उत्पन्न देणारा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता येणारा फंड) शोधताना बहुतेक जण ब्रोकरच्या साइटवर यादी उघडतात, 'यील्ड'च्या, म्हणजे वर्षाचं उत्पन्न भावाच्या किती टक्के याच्या, रकान्यावर टिचकी मारतात आणि सगळ्यांत मोठा आकडा वर आला की पुढचं वाचतच नाहीत. मी वर्षानुवर्षं पे-रोल सांभाळलेला आहे. चेक निघण्याआधी पैसे कुठल्या खात्यातून जाणार ते बघायचं, ही खोड काही जात नाही. त्यामुळे प्रत्येक फंडाला माझा पहिला प्रश्न तोच: हे पैसे येतात कुठून? कंपन्यांच्या डिव्हिडंडमधून, व्याजातून, ऑप्शन (ठरलेल्या भावाला शेअर घेण्या-विकण्याचे हक्क) विकून, की माझ्याच मुद्दलातून?

आधीच सांगते, हे सगळे फंड अमेरिकेतले आणि करांचे नियमही इथलेच. आम्ही दोघंही निवृत्त. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) येते, वरचा खर्च आयआरए (करसवलतीचं निवृत्ती खातं) आणि साध्या ब्रोकरेज खात्यातून भागवायचा. तुमचं वय आणि टॅक्स ब्रॅकेट वेगळं असेल तर निकाल वेगळा लागेल.

सुरुवात श्वाबच्या एससीएचडीपासून करते, कारण आमच्याकडे सगळ्यांत जास्त पैसे त्यातच आहेत. हा फंड ऑक्टोबर २०११ मध्ये निघाला आणि डाऊ जोन्स यू. एस. डिव्हिडंड १०० या निर्देशांकामागे चालतो. सलग दहा वर्षं डिव्हिडंड दिलेला असेल तरच कंपनी दारात उभी राहू शकते. मग कर्जाच्या मानाने हातात येणारी रोकड, भांडवलावरचा परतावा, यील्ड आणि पाच वर्षांतली डिव्हिडंडची वाढ अशी चाळणी लागते. रिअल इस्टेटवाले आरईआयटी मुळातच बाहेर. फी वर्षाला ०.०६ टक्के, म्हणजे दहा हजार डॉलरमागे सहा डॉलर.

यील्ड साधारण साडेतीन-चार टक्के, आणि इथेच लोक नाक मुरडतात. मी टक्के बघत नाही, एका शेअरमागे किती सेंट आले ते बघते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एका शेअरचे तीन झाले, तो हिशेब धरला तर २०१२ मध्ये वर्षाला सुमारे २७ सेंट मिळत होते आणि २०२४ मध्ये डॉलरला जरासे कमी. महागाईच्या पुढे पळणारा पगार म्हणतात तो हा. खोड एवढीच की पैसे मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये येतात आणि चारही हप्ते सारखे नसतात. विजेचं बिल दर महिन्याला येतं, म्हणून मी ते पैसे आधी एका बाजूला जमवते आणि तिथून दरमहा ठरलेली रक्कम काढते. आणखी एक गोष्ट मनाची तयारी करून घ्यावी अशी: बाजार मोठ्या टेक कंपन्यांच्या जोरावर पळतो तेव्हा हा फंड मागे पडतो. २०२३ मध्ये एस अँड पी ५०० ने (मोठ्या अमेरिकी कंपन्यांचा निर्देशांक) डिव्हिडंड धरून २६ टक्के दिले, याने साडेचारच्या आसपास. त्या वर्षी आमच्या ह्यांनी रोज सकाळी मला तो आकडा वाचून दाखवला. त्याच्या आदल्या वर्षी बाजार १८ टक्के पडला तेव्हा हा तीन-साडेतीन टक्केच उतरला होता, ते मात्र कुणी वाचून दाखवलं नाही.

आता जेपी मॉर्गनचा जेईपीआय. सगळे त्याला 'जेपी'च म्हणतात. मे २०२० मध्ये सुरू झाला, फी ०.३५ टक्के, पैसे दर महिन्याला. मोठा भाग कमी चढउताराच्या शेअर्समध्ये असतो, आणि जास्तीत जास्त पाचवा हिस्सा इक्विटी-लिंक्ड नोट्स नावाच्या कागदांत, ज्यांच्या पोटात एस अँड पी ५०० चे कॉल (ठरलेल्या भावाला विकत घेण्याचे ऑप्शन) विकलेले असतात. म्हणजे बाजार फार वर गेला तर त्यातला काही नफा दुसऱ्याचा, आणि त्याबदल्यात आज रोख प्रीमियम.

हे उत्पन्न मला ओव्हरटाइमसारखं वाटतं. कारखान्यात गडबड असेल तेव्हा पाकीट जाड, शांतता झाली की बारीक, आणि घरखर्चाचं गणित त्यावर बांधायचं नसतं. २०२२ मध्ये बाजार घाबरलेला होता, ऑप्शन महाग होते, तेव्हा जेपीचे हप्ते भरघोस होते. त्या वर्षी यील्ड बघून शिरलेल्या मंडळींना २०२३ मध्ये बाजार शांत होताच हप्ते आटलेले दिसले. फंडाने फसवलं असं नाही, त्याचं यंत्रच तसं आहे. परतावाही तसाच: २०२२ मध्ये सुमारे साडेतीन टक्के तोटा, २०२३ मध्ये दहाच्या जरा आत, २०२४ मध्ये साडेबाराच्या आसपास. शंभर डॉलरचे यातल्या पहिल्या दोन वर्षांत १०६ झाले, तेवढ्यात एस अँड पीचे १०३. तिसऱ्या वर्षाअखेर मात्र हा ११९ वर आणि एस अँड पी १२९ वर. पडझडीत उशी आणि तेजीत लगाम, दोन्ही एकाच करारात येतात.

माझा निकाल: घ्यायला हरकत नाही, पण आयआरएमध्येच. नोट्समधून आलेलं उत्पन्न साध्या उत्पन्नासारखं करपात्र आहे. एससीएचडीचे बहुतेक डिव्हिडंड 'क्वालिफाइड' (कमी दराने कर लागणारे) असतात, त्यावर फेडरल कर ०, १५ किंवा २० टक्के, आणि उत्पन्न बेताचं असेल तर शून्यच. म्हणून एससीएचडी साध्या खात्यात, जेपी आयआरएमध्ये. मेडिकेअरवाल्यांनी (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) आणखी एक बघावं: विम्याच्या हप्त्यावर जास्त उत्पन्नवाल्यांना लागणारा आयआरएमएए अधिभार दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो. साध्या खात्यात ठेवलेला मोठ्या यील्डचा फंड तिथे मागाहून बिल पाठवू शकतो.

ग्लोबल एक्सचा क्यूवायएलडी हा जेपीचा आडदांड भाऊ. डिसेंबर २०१३ पासून आहे, म्हणजे पुरेसा इतिहास समोर आहे, आणि तोच वाचून मी बाजूला झाले. हा नॅस्डॅक-१०० (मुख्यतः टेक कंपन्यांचा निर्देशांक) चे सगळे शेअर्स धरतो आणि त्या सगळ्यांवर, चालू भावालाच, दर महिन्याला कॉल विकतो. महिन्यात बाजार वर गेला तर वाढ जवळजवळ सगळी दुसऱ्याची. खाली आला तर प्रीमियमएवढा भाग सोडून तोटा सगळा आपला. बाजार महिनाभर पडला आणि पुढच्या महिन्यात उसळला, तर हा पडतो बाजाराबरोबर आणि उसळताना मागे राहतो. सुरुवातीला शेअर २५ डॉलरच्या आसपास होता. दहा वर्षांनी, २०२३ संपताना, तो १७-१८ डॉलरला होता. तेवढ्याच काळात त्याच निर्देशांकाचा, कॉल न विकणारा साधा फंड क्यूक्यूक्यू ८६ च्या आसपासहून ४०० च्या वर गेला.

समर्थक म्हणतात, "पण वाटप किती दिलं ते बघा!" बघितलं. महिन्याचं वाटप फंडाच्या मालमत्तेच्या एक टक्क्यात बांधलेलं आहे. भाव घसरला की एक टक्का तोच राहतो, डॉलर कमी होतात. यादीत यील्ड बारा टक्केच दिसत राहतं आणि खात्यात पडणारी रक्कम वर्षागणिक आक्रसत जाते. वीस-पंचवीस वर्षांच्या निवृत्तीला हा पगार पुरायचा नाही.

इथे आमच्या भाऊजींचा उल्लेख करावाच लागेल. आमचे धाकटे दीर अजून नोकरीत आहेत, पण उत्साह दांडगा. त्यांनी मला एक दिवस फोन केला, "वहिनी, टेस्लावरचा फंड आहे, पन्नास टक्क्यांच्या वर यील्ड! तुम्ही उगाच चार टक्क्यांत बसलाय." तो फंड टीएसएलवाय, यील्डमॅक्सचा, नोव्हेंबर २०२२ मध्ये निघालेला. फी एक टक्क्याच्या आसपास. टेस्लाचे शेअर्स तो प्रत्यक्ष धरत नाही, ऑप्शन वापरून तशी स्थिती तयार करतो आणि त्यावर कॉल विकतो. मी म्हटलं, "भाऊजी, फेब्रुवारी २०२४ मध्ये यांना दोन शेअरचा एक करावा लागला, ते वाचलंत का?" पलीकडे शांतता. भाव फार खाली गेला की तो आकडा दिसायला बरा व्हावा म्हणून असं एकत्रीकरण करतात. वाटप इतकं मोठं की त्यातला बराच भाग 'रिटर्न ऑफ कॅपिटल' (भांडवलाची परतफेड) म्हणून नोंदवला जातो. एकाच कंपनीवर टांगलेला असा फंड निवृत्तीच्या खात्यात मी ठेवणार नाही, मग पैसे महिन्याला येवोत की आठवड्याला. भाऊजींचा पगार चालू आहे, त्यांनी हौस भागवावी.

'रिटर्न ऑफ कॅपिटल'बद्दल मात्र सरसकट ओरडू नये. करासाठी मिळणाऱ्या वर्षअखेरच्या १०९९-डीआयव्ही फॉर्ममध्ये तिसऱ्या चौकटीत ही रक्कम येते, तिच्यावर लगेच कर नसतो, आपली खरेदीची किंमत तेवढी कमी धरली जाते. एसपीवायआयसारखे काही ऑप्शन फंड कर पुढे ढकलण्यासाठी मुद्दाम असं करतात. खरं-खोटं ओळखायची माझी पद्धत साधी आहे: फंडाचा पाच वर्षांचा भावाचा आलेख, वाटप मिळवून नव्हे, नुसता भाव. तो टिकून असेल किंवा चढत असेल तर तिसऱ्या चौकटीची चिंता नको. जिना उतरल्यासारखा उतरत असेल, तर आपलेच पैसे आपल्याला हप्त्याने मिळताहेत. वाटपासोबत येणारी, पैसे कुठून आले ते सांगणारी सेक्शन १९-ए ची नोटीसही उघडून बघावी. तो अंदाज असतो, अंतिम आकडा नव्हे, पण दिशा कळते.

बाँडकडे थोडक्यात. आयशेअर्सचा एसजीओव्ही तीन महिन्यांच्या आतल्या ट्रेझरी बिलांचा (सरकारच्या अल्पमुदती कर्जरोख्यांचा). दोन वर्षांचा वरखर्च आम्ही त्यात ठेवतो, आणि एससीएचडीचे हप्ते जमवायची जागाही तीच. व्याजावर राज्याचा आयकर नाही, भाव जवळजवळ हलत नाही. पण हे उत्पन्न फेडच्या (इथल्या मध्यवर्ती बँकेच्या) मर्जीवर: २०२१ मध्ये यातून जवळपास काहीच मिळत नव्हतं. व्हॅनगार्डचा बाँड फंड बीएनडी २०२२ मध्ये १३ टक्के पडला तेव्हा आमच्या ओळखीतल्या बऱ्याच निवृत्तांनी घाबरून विकला. त्यानंतर व्याजदर चढल्यामुळे त्याचे मासिक हप्ते वाढले, ते धरून बसलेल्यांना मिळाले. विकायची गरजच नसेल तर पडलेला बाँड फंड वाईट नव्हे. प्रेफर्ड शेअर्सचा (ज्यांना डिव्हिडंड आधी मिळतो) पीएफएफ मी सोडला. त्यात बँका आणि विमा कंपन्या फार, आणि संकटात तो शेअर्ससारखा पडतो पण तेजीत शेअर्ससारखा चढत नाही.

एक आक्षेप मला मान्य आहे. डिव्हिडंड निघाला की भाव तेवढा खाली येतो, मग साधा इंडेक्स फंड घेऊन दर तिमाहीला थोडे शेअर विकले तरी गणित तेच. अर्थतज्ज्ञ मोदिलियानी आणि मिलर यांनी १९६१ मध्ये हे मांडलं, आणि निवृत्तीत वर्षाला किती काढावं यावरचा विल्यम बेंगन यांचा १९९४ चा प्रसिद्ध चार टक्क्यांचा अभ्यासही एकूण परताव्यावरच (डिव्हिडंड आणि भाववाढ मिळून) उभा आहे. आमचा साधारण तिसरा भाग अशाच साध्या इंडेक्स फंडात आहे. पण पडत्या बाजारात 'विका' बटण दाबायला दर वेळी मन घट्ट करावं लागतं. आज मी ते करीन, ऐंशीव्या वर्षी करीन का? आणि मी नसले तर हे करतील का? ह्यांना पासवर्ड आठवत नाही, ही वेगळीच कथा. आपसूक खात्यात पडणाऱ्या पैशाला त्यासाठी मी किंमत मोजायला तयार आहे, फक्त ती किती ते माहीत असावं.

७३ व्या वर्षी आयआरएमधून आरएमडी (दर वर्षीची किमान रक्कम) काढणं सक्तीचं होतं, तेव्हा जेपीचे हप्ते तिकडेच वळवायचे ठरलं आहे. त्याआधी डिव्हिडंड आपोआप पुन्हा गुंतवण्याची सोय बंद करायला विसरू नका, नाहीतर खर्चासाठी म्हणून घेतलेल्या फंडाचे पैसे गुपचूप त्याच फंडात परत जातात. आणि कुणी विचारायच्या आधीच: जेपीचा नॅस्डॅकवाला भाऊ जेईपीक्यू मे २०२२ मध्ये आला, हप्ते जाड आहेत, आणि मी तो अजून घेतलेला नाही.