कीटोॲनालॉगच्या गोळ्या: सात-आठ महिने वापरल्यानंतर पैसे वसूल होतात का?

किडनीचा पेशंट घरात असेल तर कमी प्रोटीनच्या पथ्यासोबत द्यायची ही पिवळी, जाडजूड गोळी तुमच्या ओळखीची असणार. आमच्याकडे सासऱ्यांना (सगळे बाबाच म्हणतात) गेल्या पावसाळ्यापासून चालू आहे. वजन साठच्या आसपास, डायबेटिस नाही, बीपी जुनं, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) विशीच्या आगेमागे. डोस २-२-२, जेवताना. मी स्वतः मायक्रोबायॉलॉजीवाली, डेअरीच्या लॅबमध्ये काही वर्षं काढलेली, त्यामुळे केमिस्टने स्ट्रिप हातात दिल्यावर पहिलं काम काय केलं तर मागचं बारीक अक्षरातलं लेबल वाचलं.

आणि लेबल खरंच वाचण्यासारखं आहे. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फेनिलॲलानिन या चौघांचे कीटोॲसिड, मिथिओनिनचं हायड्रॉक्सी रूप, आणि हे पाचही कॅल्शियमचे क्षार म्हणून. वर लायसिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन, हिस्टिडिन, टायरोसिन हे मात्र अख्खे अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनच्या तयार विटा. असं अर्धं-अर्धं का? कारण कीटोॲसिड म्हणजे नायट्रोजन काढून घेतलेलं अमिनो ॲसिड, नुसता सांगाडा. शरीर त्याच्यावर नायट्रोजन चढवतं आणि तो आणतं ग्लुटामेट वगैरेकडून, म्हणजे जो एरवी युरिया (प्रोटीनचा कचरा) होऊन किडनीच्या डोक्यावर बसला असता त्यातलाच थोडा. हे काम करणारी एन्झाइम्स ट्रान्सअमिनेज. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी, एसजीओटी असतं ना, तीच ही मंडळी, सोबतीला बी६ जीवनसत्त्व लागतं. १९३७ मध्ये मॉस्कोत ब्राउनश्टाइन आणि क्रिट्समन यांनी ही देवाणघेवाण शोधली. भिशीसारखं आहे, गटात नवा पैसा येत नाही, नुसता हात बदलतो. पण लायसिन आणि थ्रिओनिन या भिशीत नाहीतच, त्यांचा सांगाडा देऊन उपयोग शून्य, म्हणून ते तयारच द्यावे लागतात. ज्याने कोणी हा फॉर्म्युला बसवला त्याला मानलं.

आता मुद्द्याचं. सुरुवातीला आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांकडे जात होतो, त्यांनी गोळी लिहून दिली आणि डाएटबद्दल "जरा सांभाळून खा" एवढंच. मला हे पटलंच नाही. मूळ ब्रँडच्या एका गोळीत जेमतेम ३६ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो, प्रोटीनच्या हिशोबात पाव ग्रॅमसुद्धा नाही, आणि तीच तर खुबी आहे. पण ताटात डाळ, उसळ, पनीर, दूध पहिल्यासारखंच चालू असेल तर अमिनो ॲसिड आधीच भरपूर येताहेत, मग सांगाडे जाऊन करणार काय? जळून जातात, संपलं. म्हणजे महाग कॅल्शियम खाल्ल्यासारखं. नंतर ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी आधी डाएटिशियनकडे पाठवलं, तिने दिवसाला ०.६ ग्रॅम प्रति किलो म्हणजे साधारण ३६ ग्रॅम प्रोटीन बांधून दिलं, त्यानंतर गोळी.

३६ ग्रॅम ऐकायला बरं वाटतं, स्वयंपाकघरात उभं राहून बघा. एक चपाती अंदाजे ३ ग्रॅम. तीस ग्रॅम तूरडाळीचं वरण ७ ग्रॅमच्या जवळ. शंभर मिली दूध ३ ग्रॅमच्या वर. दोन वेळा जेवण आणि दोन चहा यात कोटा संपतो. पहिल्या आठवड्यातच बाबा म्हणाले, "अगं, गोळीत प्रोटीन आहे म्हणतेस ना, मग वरण दे की वाटीभर!" त्यांना समजावताना माझा घसा बसला. साबुदाणा चालतो, त्यात प्रोटीन नावापुरतंच, पण खिचडीत शेंगदाण्याचं कूट मोजून घालायचं म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग ती खिचडी कसली?" बरोबरच आहे त्यांचं. आणि नुसतं कमी करून भागत नाही, दिवसाला वजनाच्या प्रति किलो ३० ते ३५ कॅलरी पोटात जायलाच हव्यात, नाहीतर शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं आणि युरिया पुन्हा तिथेच. आम्ही तूप, भात, साबुदाणा यांवर कॅलरी भरून काढतो. वजन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) दोन्ही टिकून आहे.

माझ्या विषयाचं थोडं सांगू द्या, कारण या गोळीची सगळी गोष्ट बॅक्टेरियाशिवाय अर्धीच आहे. ल्युसिन, व्हॅलिन, आयसोल्युसिनवर नायट्रोजन चढवणं आपल्याला जमतं, सांगाडा बनवणं जमत नाही, म्हणून ते अत्यावश्यक. बॅक्टेरिया, यीस्ट, झाडं मात्र पायरुव्हेटपासून (साखर फुटून बनणारा छोटा रेणू) तो घरीच बनवतात, मधे ॲसिटोलॅक्टेट नावाचा (आयसोल्युसिनसाठी त्याच्याच भावंडाचा) टप्पा लागतो. डेअरीत हेच ॲसिटोलॅक्टेट पेशीबाहेर पडून ऑक्सिडाइझ झालं की डायॲसिटिल होतं, म्हणजे लोण्याचा तो खास वास. गव्हातल्या रुंद पानांच्या तणावर मेटसल्फ्युरॉन मारतात ते हाच टप्पा अडवतं, तण मरतं, आपल्याकडे ते एन्झाइमच नाही.

उलट्या बाजूने बघितलं तर मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया त्रासही देतात. न पचलेल्या प्रोटीनमधलं ट्रिप्टोफॅन मिळालं की ते फोडून पायरुव्हेट आणि अमोनिया स्वतःच्या कामाला घेतात, उरतो इंडोल. बीएस्सीला ई. कोलायच्या ट्यूबमध्ये कोव्हॅक्स रिएजंट टाकून वर लाल रिंग बघितली असेल, तोच हा इंडोल. लिव्हर त्याला सल्फेट लावतं, चांगली किडनी तो बाहेर टाकते, आजारी किडनीत इंडॉक्सिल सल्फेट म्हणून साठत राहतो. टायरोसिनचं तसंच, शेवटी पी-क्रेसॉल. म्हणजे ताटातलं प्रोटीन कमी केल्याचा फायदा फक्त युरियाचा नाही.

नातेवाइकांपैकी कोणीतरी ग्रुपवर "कीटो डाएट करा, त्याच गोळ्या आहेत" असं टाकलंच. भलतंच! तिथले कीटोन चरबीतून बनतात, त्यातलं ॲसिटोॲसिटेट हेही कीटोॲसिडच, पण त्याला नायट्रोजन लावून अमिनो ॲसिड होत नाही. आणि कीटो डाएटमध्ये प्रोटीन बऱ्याचदा वाढतंच. किडनीसाठी आजकाल डॅपाग्लिफ्लोझिन (मूळची डायबेटिसची गोळी) देतात, त्यात उपास किंवा फार कमी कार्बमुळे कीटोॲसिडोसिस (कीटोन साठून रक्तात आम्ल वाढणं) होऊ शकतो, मुख्यतः डायबेटिस असलेल्यांना, शुगर नॉर्मल दिसत असतानाही. आमच्याकडे एकादशी तेव्हापासून बंद.

फरक पडला का? युरिया शंभरच्या वर होता, आता सत्तर-ऐंशीत. तोंडाची चव परत आली, मळमळ कमी. क्रिएटिनिन (किडनी कमजोर झाली की रक्तात वाढतं ते) खाली आलं नाही, जिथे होतं तिथेच आहे, आणि मी तरी याला चांगलंच म्हणेन. पण हे गोळीचं श्रेय की ताटाचं, सांगणं कठीण. अभ्यासही मिश्रच आहेत. १९९४ च्या अमेरिकन एमडीआरडी अभ्यासात अतिकमी प्रोटीन अधिक कीटोॲसिड गटाला थोडाच फायदा दिसला. २०१६ चा बुखारेस्टचा अभ्यास मात्र जोरदार, २०७ पेशंट, शाकाहारी ०.३ ग्रॅम प्रति किलो प्रोटीन अधिक कीटोॲनालॉग विरुद्ध ०.६ ग्रॅमचं साधं कमी प्रोटीन, डायलिसिस लागणं किंवा ईजीएफआर निम्म्याच्या खाली जाणं १३ टक्के विरुद्ध ४२ टक्के. पण तपासलेल्या चौदाशेहून जास्त लोकांतून पथ्य पाळणारे २०७ निवडलेले. आपल्या घरातले बाबा त्या २०७ मध्ये बसले असते का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

त्रासाचं बोलायचं तर, गोळी मोठी आहे, आणि फोडली तर वास असा उग्र की पुन्हा फोडाविशी वाटणार नाही, अख्खीच गिळायची. खर्च महिन्याला काही हजार. केमिस्ट दुसरा ब्रँड देतो तेव्हा घटक आणि कॅल्शियम ताडून बघा, नुसत्या नावावर जाऊ नका. मूळ ब्रँडच्या गोळीत साधारण ५० मिलिग्रॅम कॅल्शियम, ते जेवणातला फॉस्फरस धरून ठेवायला मदत करतं म्हणून जेवतानाच घ्यायची. पण तेच सिप्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन, लोहाच्या गोळ्या यांनाही अडवतं, दोन तासांचं अंतर हवं. बाबांचं कॅल्शियम मधे वरच्या टोकाला गेलं, तेव्हा डॉक्टरांनी डी३ (कॅल्शियम शोषायला मदत करणारं जीवनसत्त्व) थांबवलं, गोळी तशीच ठेवली. आता दर दोन-तीन महिन्यांनी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, बायकार्बोनेट एकत्र करून घेतो.