इंजिनासाठी अर्थिंग वायरचा जोड : तयार किट की हाताने केलेले?

रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत जुन्या गाडीच्या बॅटरीपासून इंजिनाकडे व बॉडीकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या (वीज बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडे परत आणणाऱ्या) वायरींची टोके आतून गंजतात आणि स्टार्टर जड फिरू लागतो. बाजारातील जादा अर्थिंग वायरींचे रंगीत तयार किट मी पाहिले, परंतु त्यातील तांब्याची जाडी कोठेही छापलेली नव्हती. म्हणून गावातील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून १६ चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर, दाबून बसवलेल्या थिंबल (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) आणि हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळणारी प्लास्टिकची नळी) वापरून तीन वायरी करून घेतल्या.

त्यांचे काम मला मनापासून आवडले. त्यांनी प्रथम बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवले, जोडाच्या जागेवरचा रंग व गंज धातू चमकेपर्यंत घासला, मूळ वायर तशीच ठेवून नवी वायर तिच्या जोडीला घट्ट कसली आणि वर पेट्रोलियम जेली लावली. इंजिन स्टार्ट करताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक व इंजिन ब्लॉक यांमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक राहू नये, हे त्यांनी मल्टिमीटर लावून दाखवले. असे दाखवणारे कारागीर फार थोडे.

आता स्टार्टर जोमाने फिरतो आणि हेडलाइट स्थिर राहतात. मायलेज वाढल्याचे मात्र जाणवले नाही; अर्थिंग मुळात चांगले असलेल्या गाडीला हा खर्च करू नये. निगेटिव्ह टोकावर बॅटरी सेन्सर (बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजणारा भाग) असलेल्या नव्या गाड्यांत जादा वायर थेट बॅटरीला न जोडता बॉडीवरील अर्थ बिंदूला जोडावी.