हर्लिंग की गेलिक फुटबॉल : एका उन्हाळ्यात कोणते अजिंक्यपद पाहावे?

नोकरी-शिक्षणासाठी आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत दोन अजिंक्यपदांची चर्चा एकाच वेळी कानावर येते आणि दोन्हींना न्याय देण्याइतका वेळ सहसा कोणाकडेच नसतो. दोन्ही खेळ 1884 मध्ये थर्लेस गावी स्थापन झालेल्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनचे आहेत. मैदान तेच, गोलखांब तेच, संघात 15 खेळाडू आणि 70 मिनिटांचा सामना हेही तेच. गोलजाळ्यात चेंडू गेला तर तीन गुण, आडव्या दांड्यावरून गेला तर एक. खेळाडूंना मानधन मिळत नाही. रविवारी हजारोंसमोर खेळलेला मनुष्य सोमवारी शाळेत शिकवायला किंवा शेतावर कामाला जातो. म्हणून निवड नियमांवरून करण्यापेक्षा वैर कोणाचे कोणाशी आहे आणि ते कोठे पाहायला मिळते, यावरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकच सामना पाहणे शक्य असेल, तर तो दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतातला हर्लिंगचा सामना असावा. अ‍ॅशच्या लाकडाची, टोकाला चपटी आणि रुंद काठी आणि क्रिकेटच्या चेंडूएवढा, पण वजनाने हलका चेंडू, एवढ्यावर हा खेळ चालतो. मात्र धावता धावता काठीच्या टोकावर तोललेला चेंडू हवेत उडवून साठ-सत्तर मीटरवरून खांबांमधून पाठवणारा खेळाडू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्याचा वेग कळत नाही. पांढरा कोट घातलेला पंच गोलासाठी हिरवे आणि गुणासाठी पांढरे निशाण उंचावतो, आणि ते खाली येण्यापूर्वीच चेंडू पुन्हा दुसऱ्या टोकाला पोहोचलेला असतो.

हर्लिंगमधले वैर शेजाऱ्यांचे आहे. कॉर्क, टिपरेरी, लिमरिक, क्लेअर आणि वॉटरफर्ड या पाच काउंट्या (जिल्ह्यांसारखे विभाग, प्रत्येकीचा आपला संघ) 2018 पासून, 2020 आणि 2021 ही वर्षे सोडून, साखळी पद्धतीने एकमेकींशी खेळतात आणि त्यांतल्या तीनच पुढे जातात, त्यामुळे मे महिन्यातच दोन मातब्बर संघांचे वर्ष संपते. हे वैर किती झपाट्याने पालटते, हे 2025 ने दाखवले. एप्रिलमध्ये कॉर्कने टिपरेरीला 15 गुणांनी हरवले. जुलैतल्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे होता, पण उत्तरार्धात त्याला केवळ दोन गुण मिळवता आले आणि टिपरेरीने 3-27 विरुद्ध 1-18 असा (आधी गोल, मग एकेरी गुण; म्हणजे 36 विरुद्ध 21), बरोबर 15 गुणांनीच, विजय मिळवला. आदल्याच वर्षी क्लेअरकडून जादा वेळेत एका गुणाने हरलेल्या कॉर्कने 2005 नंतर करंडक पाहिलेला नाही. ज्या काउंटीच्या नावावर 30 अजिंक्यपदे आहेत, तिच्या वाट्याला आलेली ही प्रतीक्षा फार जीवघेणी आहे.

हातांनी आणि पायांनी दोन्हींनी चेंडू खेळायच्या गेलिक फुटबॉलमधले सर्वांत मोठे वैर शेजाऱ्यांचे नाही, तर राजधानी डब्लिन आणि दूरच्या नैर्ऋत्य टोकाची केरी यांचे आहे. 2025 पर्यंत केरीची 39 आणि डब्लिनची 31 अजिंक्यपदे झाली. 2015 ते 2020 अशी सलग सहा वर्षे डब्लिनने करंडक राखला. त्यातला 2019 चा अंतिम सामना केरीने बरोबरीत सोडवला होता आणि निकालासाठी तो पुन्हा खेळवावा लागला. 2022 च्या उपांत्य सामन्यात शॉन ओ'शे याने अखेरच्या क्षणी, क्रोक पार्क या डब्लिनमधल्या मुख्य मैदानावर डब्लिनच्या पाठीराख्यांनी भरलेल्या हिल 16 या प्रेक्षकभागाच्या दिशेने, सुमारे 55 मीटरवरून मारलेल्या फ्री-किकने सामना केरीकडे गेला. याच काळात मेयोची व्यथाही समजून घ्यावी : 1951 नंतर करंडक नाही, आणि 1989 पासून तब्बल 11 वेळा अंतिम फेरीत पराभव.

काही वर्षे हा खेळ चेंडू हातोहाती मागेपुढे फिरवण्यात अडकला होता, ही टीका रास्तच होती. 2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला दोन गुण मिळू लागले आणि तीन खेळाडूंना सतत पुढच्या अर्ध्यात राहणे बंधनकारक झाले, त्यामुळे खेळ पुष्कळ मोकळा झाला आहे.

वर्षानुवर्षे एखादा संघ आपला मानायचा असेल, तर मात्र पत्ता पाहावा लागतो. कॉर्क वा लिमरिक शहरात राहणाऱ्याने हर्लिंगच धरावे. पण हर्लिंगचा वरचा वर्ग फार मोजक्या काउंट्यांचा आहे, तर फुटबॉल जवळजवळ सर्वत्र मनापासून खेळला जातो. तेथे करंडक नाही तरी प्रांताचे विजेतेपद छोट्या काउंटीलाही मोठे असते. लाउथने 2025 मध्ये लेन्स्टरचे विजेतेपद 1957 नंतर प्रथमच मिळवले, तो आनंद लाउथमधल्या ड्रॉहेडा-डंडॉककडे राहणाऱ्या परदेशी कुटुंबांनाही अनुभवता आला असता. किलकेनीत राहणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, कारण हर्लिंगची 36 अजिंक्यपदे मिळवलेली ही काउंटी वरिष्ठ फुटबॉल अजिंक्यपदात उतरतच नाही.

क्रोक पार्कवरील अंतिम सामन्यांची तिकिटे मुख्यतः क्लबांमार्फत वाटली जातात, त्यामुळे नवख्याने त्यांच्या मागे लागू नये. त्याऐवजी मे महिन्यात डब्लिन-कॉर्क रेल्वेने थर्लेसला उतरावे. ज्या हॉटेलात संघटनेचा जन्म झाला, ते लिबर्टी स्क्वेअरमध्ये आजही उभे आहे; तेथून सेंपल स्टेडियमपर्यंत दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच रस्त्याने चालत जातात आणि आत गेल्यावरही शेजारीशेजारीच बसतात.