घरातून आईला किंवा वडलांना अटक होताना मुलाचं काय? नव्या पोलिसांना हे शिकवायच्या पद्धतींची तुलना

मागच्या आठवड्यात एका प्रशिक्षण केंद्रातल्या विधी निदेशक, म्हणजे कायदा शिकवणाऱ्या, मॅडमचा फोन आला. नवप्रविष्ट शिपायांची बॅच चालू आहे, आंतरवर्गात (वर्गात बसून शिकायच्या तासांत) बालकांच्या विषयाला दोन तास मिळालेत, तर लेक्चर घेऊ, रोलप्ले घेऊ, की बाहेरून कोणाला तरी बोलवू असं विचारत होत्या. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय, म्हणजे ज्यांच्यासमोर हाच प्रश्न आहे त्यांनाही उपयोग होईल. मी मुलांसोबत काम करते आणि गेस्ट म्हणून असे तास बरेच घेतलेत, त्यामुळे माझं मत कुठल्या बाजूला झुकलेलं आहे ते वाचताना कळेलच.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. रिक्रूटला आपण दोन प्रकारची मुलं शिकवतो, ज्याच्यावर अन्याय झालाय ते पोक्सोमधलं, म्हणजे बाल लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यातलं मूल आणि ज्याच्या हातून गुन्हा झालाय ते विधिसंघर्षग्रस्त बालक. पण सकाळी साडेसहाला पथक दार वाजवतं, वडलांना ताब्यात घेतं, आणि पलंगावर शाळेचा युनिफॉर्म घालून एक मुलगी बसलेली असते, ती यातल्या कशातच बसत नाही. ती फिर्यादी नाही, साक्षीदार नाही, आरोपी तर नाहीच. अटकेच्या कागदावर तिच्यासाठी रकानाच नाही, आणि कागदावर नाही म्हटल्यावर नवीन पोरगं तिच्याकडे बघणार कशाला, त्याचं सगळं लक्ष आरोपीवर आणि साहेबावर.

याचं टोक काय असू शकतं ते अमेरिकेतल्या एका जुन्या केसमध्ये दिसतं. शिकागो स्कायवेवर पोलिसांनी रेस लावल्याबद्दल एका माणसाला अटक केली आणि गाडीत बसलेल्या त्याच्या भाचरंडांना रस्त्याकडेला गाडीतच सोडून ते निघून गेले. थंडी होती, मुलं शेवटी गाडीतून उतरली आणि रात्री आठ लेन ओलांडून फोन शोधत फिरली, त्यातल्या एकाला दमा होता, त्याला आठवडाभर हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. व्हाइट विरुद्ध रॉचफोर्ड, १९७९. अपील कोर्टाने मुलांचा पोलिसांविरुद्धचा दावा चालू शकतो असं म्हटलं. मी ही केस प्रत्येक तासाला सांगते, कारण त्या पोलिसांनी मुलांना मारलं नाही की ओरडले नाहीत, ते फक्त निघून गेले.

आता पद्धती.

पहिली, कायद्याचा तास. सगळ्यात सोपा, अडीचशे पोरं एका हॉलमध्ये बसतात, परीक्षेला प्रश्न काढता येतो, निदेशकांना तयारी फार लागत नाही. आणि शिकवण्यासारखं खरंच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८ म्हणतं की अटक केल्यावर नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं, ही सुप्रीम कोर्टाच्या अटकेबद्दलच्या डी. के. बसू निकालापासून चालत आलेली गोष्ट. कलम ४३ मध्ये बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नाही, अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १०७ ने प्रत्येक ठाण्यात किमान एएसआय (सहायक उपनिरीक्षक) दर्जाचा बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमायचा, आणि कलम ३१ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं.

पण बघा, कलम ४८ मध्ये मोठ्या माणसाचा हक्क आहे. आरोपीने भावाचं नाव सांगितलं, भावाला फोन लागला, काम झालं. भाऊ नांदेडला आणि मुलगा हडपसरला शाळेत, दुपारी साडेबाराला व्हॅन त्याला गल्लीच्या तोंडाशी सोडणार आणि घराला कुलूप, हे त्या कलमात कुठेच येत नाही. आणि दुसरा धोका जास्त मोठा आहे. नुसतं कलम पाठ केलेलं पोरगं दोन टोकांना जातं, एक तर मुलाकडे बघतच नाही, नाहीतर मूल दिसलं की चला समितीपुढे. पालकाला अटक झाली एवढ्यावरून मूल आपोआप ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं’ होत नाही हो. शेजारच्या खोलीत आजी असेल, तिच्याकडे मूल रोज जेवत असेल, तर त्याला बालगृहात पाठवणं म्हणजे एका दिवसात दोनदा घर तोडणं. समिती ज्याला कोणीच नाही त्याच्यासाठी, किंवा जो नातेवाईक आहे तोच धोक्याचा आहे तेव्हा. हा फरक लेक्चरमध्ये सांगून होतो पण अंगात उतरत नाही, मी दोन वर्षं लेक्चरच देत होते आणि ज्या पोरांनी पेपर उत्तम लिहिले तीच पोरं डेमोला उभी केल्यावर घरात कोण लहान आहे का हा साधा प्रश्न विचारायला विसरली. तेव्हापासून मी बदलले.

दुसरी, रोलप्ले, किंवा बाह्यवर्गाच्या (मैदानावरच्या प्रशिक्षणाच्या) भाषेत डेमो. माझा कल इकडे आहे हे उघडच सांगते. एक खोली लागते, दोन चटया, एक स्टोव्ह, एक दप्तर, आणि दारात लहान मापाच्या चपला ठेवायच्या. बाकी काही सांगायचं नाही. तीन रिक्रूटना आत पाठवायचं, एक सहकारी आरोपी होतो, मूल सुरुवातीला खोलीत नसतंच. बॅच बघत असते की कोणाचं लक्ष त्या चपलांकडे जातं का. दोरीवरचे छोटे कपडे, दुधाची बाटली, भिंतीवर खडूने लिहिलेलं अ आ इ, पोलिसाचं काम निरीक्षणाचंच आहे ना, मग चोरीचा माल शोधणारी नजर इथेही लागू करायची. पहिल्या फेरीत जवळजवळ कोणीच विचारत नाही, दुसऱ्या फेरीत सगळेच विचारतात, आणि हा बदल वीस मिनिटांत डोळ्यांसमोर होतो.

दुसऱ्या फेरीत मूल आत ठेवायचं (खरं मूल नाही, कधीच नाही, एखादी महिला प्रशिक्षणार्थी मुलाची भूमिका करते). मग क्रम शिकवायचा. आधी माणूस ताब्यात, झडती, सगळं सुरक्षित, यात तडजोड नाही, उस्तादांनी, म्हणजे मैदानावरच्या प्रशिक्षकांनी, शिकवलेलं तसंच. त्यानंतर, आणि हे त्यानंतरच, शक्य असेल तर बेड्या मुलाच्या नजरेआड घालायच्या, आई किंवा बाप शांत असेल तर मुलाशी दोन वाक्यं बोलू द्यायची, आणि तिसऱ्या माणसाने खाली बसून मुलाच्या उंचीला येऊन सांगायचं. काय सांगायचं यावर सगळ्यात जास्त चर्चा होते. पोरं म्हणतात पप्पा कामाला चाललेत असं सांगू, मूल रडणार नाही. नाही सांगायचं. ते मूल सगळं बघतंय, आणि संध्याकाळी गल्लीतलं दुसरं मूल त्याला खरं सांगणारच आहे. त्यापेक्षा, पप्पांना आम्ही ठाण्यात नेतोय, तुझी काही चूक नाही, तू आता काकूकडे राहशील, एवढं बास. ‘तुझी काही चूक नाही’ हे वाक्य मी प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेते, कारण लहान मुलाला खरोखर वाटतं की मी काल दंगा केला म्हणून पोलीस आले.

तोटे? वेळ खातो. दोन तासांत पंधरा-वीस जणांनाच आत जायला मिळतं, बाकीचे बघतात. निदेशक कच्चा असेल तर हशा पिकतो आणि विषय वाया जातो.

तिसरी, पोलीस आणि मुलांचे तज्ज्ञ एकत्र. याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराचं, १९९१ पासून तिथलं पोलीस खातं आणि येल विद्यापीठाचं चाइल्ड स्टडी सेंटर मिळून हे चालवतात. पोलिसांना मुलांच्या वाढीचे वर्ग, मानसतज्ज्ञ पोलिसांच्या गाडीत बसून गस्तीला, कुठल्याही वेळी फोन केला तर तज्ज्ञ हजर, आणि दर आठवड्याला केसवर एकत्र चर्चा. अभ्यासक्रम म्हणून बघितलं तर याला तोड नाही, पण हे रिक्रूटच्या दोन तासांत बसवायचं काम नाही, हे ठाण्यात पोस्टिंग झाल्यावर वर्षानुवर्षं चालवायचं नातं आहे. आपल्याकडे याचा छोटा तुकडा घेता येतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा अधिकारी, समितीचा एखादा सदस्य, किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रयास प्रकल्प, जो १९९० पासून कोठडी आणि तुरुंगातल्या लोकांसोबत काम करतो, अशा ठिकाणचा अनुभवी माणूस तासाला बोलवायचा. फायदा एकच पण मोठा, रिक्रूटला चेहरा दिसतो. उद्या रात्री अकराला मूल घेऊन उभा राहिला तर कोणाला फोन करायचा हे त्याला माहीत असतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर सगळ्यांना पाठ असतो, १९९६ मध्ये मुंबईत टाटा संस्थेतूनच तो सुरू झाला आणि आता सरकारी यंत्रणेत ११२ या आपत्कालीन नंबरला जोडलाय, पण फोनच्या पलीकडे काय होतं ते कोणीतरी सांगावं लागतं.

पाहुण्याचं भाषण मात्र रंगतं आणि निसटतं. चहा होतो, सत्कार होतो, आणि पोरांच्या हातात काही राहत नाही. बोलवायचंच असेल तर डेमोच्या खोलीत बोलवा, स्टेजवर नको.

यातच एक उपप्रश्न येतो, ज्यांच्या आईवडलांना लहानपणी अटक झाली होती अशा तरुणांना बोलवावं का. सॅन फ्रान्सिस्कोत २००३ मध्ये तुरुंगातल्या पालकांच्या मुलांच्या आठ हक्कांची सनद निघाली, त्यातला पहिलाच हक्क अटकेच्या वेळी सुरक्षित राहण्याचा आणि काय चाललंय ते कळण्याचा, आणि तिथे अशा तरुणांनी स्वतः पुढे येऊन पोलिसांकडे नियमांची मागणी लावून धरली. ताकद प्रचंड आहे. पण आपल्याकडे जिल्हा लहान, आडनाव ओळखीचं, समोर दोनशे वर्दीतली माणसं, त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, सज्ञान आणि स्वतःहून तयार असेल तरच, छोट्या गटात, आणि लहान मुलाला कधीच नाही.

चौथी, एक पानी चिठ्ठी आणि रोलकॉलचं (रोजच्या हजेरीच्या वेळचं) छोटं रिमाइंडर. पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पोलिसांसाठी याच विषयावर नमुना धोरण काढलं, आणि त्याची मांडणी मला आवडते कारण ती वेळेप्रमाणे आहे. अटकेआधी, त्या घरात मुलं आहेत का हे काढा आणि जमत असेल तर मूल शाळेत असताना किंवा दुसऱ्या ठिकाणी अटक करा. अटकेच्या वेळी, मूल दिसो न दिसो प्रत्येकाला विचारा. ठाण्यात नोंदणी करताना पुन्हा विचारा, कारण भीतीने पहिल्यांदा लोक नाही म्हणतात, विशेषतः एकट्या आया, त्यांना वाटतं मूल काढून घेतील. आणि नंतर, मूल ज्याच्याकडे दिलं तिथे ठीक आहे ना ते बघा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर मुलांची जबाबदारी असलेल्या अटकेतल्या पालकाला मुलाची सोय करायला दोन जादा फोन मिळतात, किती साधी गोष्ट आहे आणि किती कामाची.

चिठ्ठी स्वस्त, खिशात मावते, पुढे पोस्टिंगलाही टिकते. पण नुसती चिठ्ठी दिली तर ती टिक मारायची गोष्ट होते. डेमो झाल्यावर दिली तर तीच चिठ्ठी आठवण करून देते. मी जी वाटते त्यावर पाचच ओळी आहेत: लहान कोण आहे आणि आत्ता कुठे आहे, शाळा किती वाजता सुटते, औषध किंवा अंगावरचं दूध चालू आहे का, आईबाप स्वतः कोणाचं नाव सांगतात, आणि मूल कोणाच्या ताब्यात दिलं त्याची स्टेशन डायरीत नोंद. अंगावर पिणारं बाळ असेल तर ते आईसोबतच राहील याची व्यवस्था आधी बघायची, सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचं मूल तुरुंगात आईजवळ राहू शकतं. आणि मुलाला ठाण्यात रात्रभर बाकावर बसवून ठेवायचं नाही, पोक्सोच्या कलम २४ मध्ये मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नका असं लिहिलंय, ते पीडित मुलांसाठी आहे पण ज्या मुलाचा कुठल्याच गुन्ह्याशी संबंध नाही त्याला त्याहून वाईट वागणूक कशी देणार?

तर मॅडम, तुमच्या दोन तासांचं. पहिली पंधरा मिनिटं कायदा, फक्त वरची चार कलमं. मग सव्वा तास डेमो, मूल न दिसणारी फेरी आधी, मूल दिसणारी नंतर. उरलेल्या वेळात संरक्षण कक्षातल्या माणसाला बसवून पोरांचे प्रश्न घ्या, आणि शेवटी चिठ्ठी. अर्धा दिवस मिळाला तर तिसरी फेरी वाढवा, त्यात आई एकटी आहे आणि शेजारीण म्हणते माझ्याकडे द्या, पण आरोपी आई मान हलवून नको म्हणते. तिथे रिक्रूटने काय करायचं यावर पोरं इतकी भांडतात की तास संपल्यावरही मेसमध्ये तेच चालू असतं. हॉल एकच आणि पोरं तीनशे असतील, खोली लावताच येत नसेल, तर स्टेजवर एकच डेमो करा आणि खाली बसलेल्यांना दर दोन मिनिटांनी थांबवून विचारा, काय राहिलं. नुसत्या लेक्चरवर मात्र जाऊ नका, वेळ अर्धा तासच असेल तरी कलमं चिठ्ठीच्या मागे छापा आणि अर्धा तास चपलांची फेरी घ्या.

चपला मात्र वापरलेल्याच आणा. मी एकदा दुकानातून नव्या नेल्या होत्या, पोरांना ते सामान वाटलं, कोणाचंच लक्ष गेलं नाही.