कंपनीचा राउटर की स्वतःचा? घरच्या वाय-फायच्या सुरक्षेसाठी काय बरं

फायबरचं कनेक्शन घेतलं की कंपनीचा माणूस एक डबा भिंतीला अडकवून जातो. फायबरचा मोडेम आणि वाय-फायचा राउटर, दोन्ही त्यातच असतं. हाच वापरायचा की तीन-चार हजार घालून स्वतःचा राउटर घ्यायचा? दुकानात याचं उत्तर वेगावर मिळतं. मी म्हणेन, वेग नंतर बघा. राउटरच्या सेटिंग्ज कोणाच्या हातात आहेत आणि त्याला अपडेट कोण देणार, हे आधी बघा.

त्याहीआधी पासवर्ड, कारण तो कच्चा असेल तर दोन्ही पर्याय सारखेच. जोडणी करणारा माणूस घाईत असतो. "साहेब, मोबाइल नंबरच ठेवतो, लक्षात राहील," म्हणतो आणि आपणही हो म्हणतो. बहुतेक घरांत आजही चालू असलेल्या डब्ल्यूपीए२ या वाय-फाय सुरक्षेच्या पद्धतीत फोन राउटरला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण बाहेर जिन्यात बसून लॅपटॉपवर टिपता येते. मग ती घरी नेऊन एकेक पासवर्ड लावून पाहायचा. राउटरला याचा पत्ताही लागत नाही. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ या आकड्यांनी सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासू शकतं. तास-सव्वा तासात सगळे नंबर तपासून होतात! शिवाय शेजाऱ्यांकडे तुमचा नंबर असतोच. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहा. डब्ल्यूपीए२ मध्ये ६३ अक्षरांपर्यंत जागा असते.

"आमच्या वाय-फायमध्ये कोणाला काय मिळणार?" असं वाटत असेल, तर जुलै २००८ आठवा. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वाय-फायवरून गेला होता. पाठवणारा त्या घरातला नव्हता, पण पोलीस आधी त्याच दारात पोचले.

आता डब्यांकडे वळू. कंपनीच्या डब्याची मोठी सोय म्हणजे बिघडला तर बदलून मिळतो आणि अपडेट कंपनी दुरून पाठवू शकते. गावी आई-वडील दोघंच असतील तर हे फार मोलाचं आहे. लँडलाइन फोनही बहुधा त्यातूनच चालतो. पण दुरून शिरायची हीच वाट धोक्याचीही ठरू शकते. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले, ते दुरून देखभालीसाठी उघड्या ठेवलेल्या वाटेवर मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) केलेल्या हल्ल्यात. आपल्याकडे २०१७ मध्ये बीएसएनएलच्या अनेक ग्राहकांचे मोडेम मालवेअरने बंद पाडले. कारण साधं होतं: कारखान्यातून आलेला ॲडमिनचा पासवर्ड (वाय-फायचा नव्हे, सेटिंग्ज उघडायचा) कोणी बदललाच नव्हता.

स्वतःच्या राउटरमध्ये सगळ्या सेटिंग्ज तुमच्या हाती येतात. कंपनीच्या काही डब्यांत निम्मे पर्याय कुलूपबंद असतात, तसं इथे नसतं. मात्र अपडेटकडे तुम्हालाच बघावं लागतं. रात्री आपोआप अपडेट घेणारा राउटर असेल तर काळजी कमी, पण राउटर बनवणाऱ्या कंपन्याही काही वर्षांनी जुन्या मॉडेलला अपडेट देणं थांबवतात. घरात कोणालाच या गोष्टींत रस नसेल, तर अपडेट न केलेला महागडा राउटर कंपनीच्या डब्यापेक्षा वाईट.

म्हणून खरेदीआधी आहे त्या डब्यात डोकवा. खालच्या स्टिकरवरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये टाका आणि आत जा. ॲडमिनचा पासवर्ड बदलता येतो का? डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय, बंद करता येतं का? पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं का? सुरक्षेच्या यादीत नवं डब्ल्यूपीए३, निदान एईएसवालं (पक्क्या कूटलेखनाचं) डब्ल्यूपीए२ आहे का? हे सगळं जमत असेल तर पैसे खर्च करू नका. पहिल्या दोन्हींपैकी एक जरी जमत नसेल, तर मी नवा राउटर घेईन.

डब्ल्यूपीएसबद्दल एवढा आग्रह का? त्याचा पिन आठ आकडी असतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी जेमतेम ११,००० शक्यता उरतात. २०११ मध्ये हे उघड झालं, तरी हा पर्याय अजून अनेक राउटरमध्ये असतो. तो चालू असेल तर लांबलचक पासवर्डचाही उपयोग नाही. नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांनाच आत घेणारी यादी) यांत मात्र वेळ घालवू नका. दोन्ही सहज ओलांडता येतात.

डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये आलं. त्यात देवाणघेवाण टिपून घरी नेऊन उपयोग नाही, प्रत्येक पासवर्ड राउटरसमोरच लावून पाहावा लागतो. मोठा फरक आहे हा. अडचण जुन्या उपकरणांची. जुना प्रिंटर, स्मार्ट बल्ब, स्वस्तातला कॅमेरा यांना बहुतेक डब्ल्यूपीए२च कळतं. म्हणून राउटर दोन्हींचं मिश्रण ठेवायचा पर्याय देतात, पण मिश्रणात जुन्या उपकरणाची देवाणघेवाण टिपून तोच पासवर्ड शोधता येतो. राउटर परवानगी देत असेल तर मुख्य नेटवर्क फक्त डब्ल्यूपीए३वर ठेवा, तिथे फोन आणि लॅपटॉप. बल्ब, कॅमेरा, टीव्ही आणि पाहुणे दुसऱ्या नेटवर्कवर, डब्ल्यूपीए२वर, वेगळ्या पासवर्डने. बँकेचे व्यवहार करता तो लॅपटॉप आणि अपडेट न मिळणारा कॅमेरा एकाच नेटवर्कवर नसणं, ही मला सगळ्यात कामाची गोष्ट वाटते, आणि स्वतःच्या राउटरवर पैसे घालायचं खरं कारणही तेच.

घेतलाच तर जोडणी नीट करा. केबलवाल्याकडून नुसती लॅनची वायर घरात येत असेल तर काम सोपं: त्याच्याकडून पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचं, युजरनेम आणि पासवर्ड घ्या, नव्या राउटरमध्ये टाका. फायबरचा डबा मात्र बहुधा काढता येत नाही, नवा राउटर त्याच्यामागे लावावा लागतो. ब्रिज मोड (डबा नुसता मोडेम राहतो, राउटरचं काम नवा राउटर करतो) करून देता का, लँडलाइन त्यानंतर चालू राहील का, हे कंपनीला आधी विचारा. आणि काहीही झालं तरी जुन्या डब्याचं वाय-फाय बंद करा. नवा राउटर कितीही पक्का असो, शेजारी मोबाइल नंबरचा पासवर्ड असलेलं जुनं नेटवर्क चालू असेल तर खर्च वाया गेला.

खरेदी करताना खोक्यावर डब्ल्यूपीए३ आणि गेस्ट नेटवर्क लिहिलंय का ते बघा. मग दुकानातच फोनवर त्या मॉडेलचं सपोर्ट पान उघडा. शेवटचं फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) दोन-तीन वर्षांपूर्वीचं असेल तर सवलत कितीही असो, दुसरं मॉडेल मागा. जुना राउटर कोणाला देणार असाल तर रिसेटचं बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. तुमचे पासवर्ड तोवर त्यात तसेच राहिलेले असतात.