डॉक्टरांसाठीचं दोन दिवसांचं जेंडर-सेक्शुॲलिटी ट्रेनिंग: पैसे वसूल, पण थोडी कुरकुर आहेच

जनरल प्रॅक्टिसमध्ये आहे, पंधराएक वर्षं झाली. क्रेडिट पॉइंट मिळतील म्हणून नाव घातलं होतं, खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवशी सकाळी स्लाइड, व्याख्या, एलजीबीटीक्यूमधलं एकेक अक्षर, मी जवळजवळ झोपलोच. इतिहास मात्र नीट सांगितला. समलैंगिकता १९७३ मध्ये अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने आजारांच्या यादीतून काढली, डब्ल्यूएचओने १९९० मध्ये, आणि मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी जे पुस्तक पाठ करून पास झालो त्यात ती "विकृती" या मथळ्याखालीच होती. शिकवणाऱ्यांनाही काही वाटलं नव्हतं आणि आम्हालाही.

दुपारी रोल प्ले. मी डॉक्टर, ट्रेनर पेशंट, तक्रार लघवीला जळजळ. मी सवयीने विचारलं लग्न झालंय का, त्या म्हणाल्या नाही, मी पुढे गेलो. संपलं. संबंध आहेत का, कुणाशी, स्त्रियांशी की पुरुषांशी की दोघांशी, काहीच विचारलं नाही, आणि सगळ्यांसमोर ते लक्षात आल्यावर कानशिलं तापली हो. मग त्यांनी हेच कसं विचारायचं ते शिकवलं, म्हणजे आधी सांगायचं की हे मी सगळ्यांनाच विचारतो आणि का विचारतो, मग प्रश्न. एवढ्यासाठी फी द्यायला मी परत तयार आहे.

दुसऱ्या दिवशी ट्रान्स पेशंट, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदवलेलं लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नाही असे. मुद्दा सोपा, जो अवयव शरीरात आहे त्याची तपासणी करा, कागदावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. ट्रान्स पुरुषाला गर्भाशयमुख असेल तर त्याच्या कॅन्सरची तपासणी लागते, ट्रान्स स्त्रीला ऑपरेशननंतरही सहसा प्रोस्टेट असतं. ट्रान्स पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, चालू असताना हिमोग्लोबिन वाढतं, आणि लॅबने बायकांची रेंज लावली की रिपोर्टवर उगाच लाल खूण येते, हे मला खरंच माहीत नव्हतं. आणि पेशंट ताप घेऊन आलाय तर "ऑपरेशन झालंय का" कशाला विचारायचं? एकाने विचारलंच, ट्रेनरनी शांतपणे म्हटलं, "तापाचं औषध त्यावर बदलणार आहे का?"

भाषेवर कुणी बोलेना, ते मीच चहाच्या वेळी काढलं. मराठीत एक सोय आहे, "तुम्ही कधी आलात, जेवलात का" म्हटलं की समोर कोण आहे याने क्रियापद बदलत नाही. गोची होते ती नर्सशी बोलताना, त्या आल्या की ते आले. तिथे पेशंटला विचारून घ्यायचं, बाकी उपाय नाही.

आता कुरकुर. इंटरसेक्स बाळांना, म्हणजे ज्यांचं शरीर जन्मतः ठरलेल्या मुलगा-मुलगी साच्यात बसत नाही त्यांना, मोजून वीस मिनिटं दिली. जन्मतःच घाईघाईने ऑपरेशन करायचं की मूल मोठं होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबायचं, हा प्रश्न आई-बाप रडत समोर बसलेले असताना येतो, आणि तेव्हा काय बोलायचं हे कुणी करून दाखवलं नाही. हॉर्मोनचा भाग पळवला. हँडआउटची अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही वाचवेना.

मोठी चूक म्हणजे सगळं फक्त डॉक्टरांसाठी. पेशंट आधी भेटतो तो रिसेप्शनला, तिथे भरलेल्या वेटिंग रूममध्ये जुन्या नावाने हाक मारली गेली की तो माझ्यापर्यंत येतच नाही. रिसेप्शनवाल्यांची बॅच काढा, माझ्याकडचे दोघं लगेच पाठवतो. ५ पैकी साडेतीन.