एकही वाक्य खोटं नाही, तरी फसवलं

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. फंडाचे पैसे खात्यात पडले आणि लगोलग बँकेतून फोन: "मॅडम, एवढी रक्कम सेव्हिंगला कशाला ठेवलीत?" ती एफडी करायला गेली आणि आयुर्विम्याची पॉलिसी घेऊन आली.

शाखेतल्या पोराने तिला जे सांगितलं त्यात खोटं काही शोधून सापडत नाही. "काकू, बँकेच्याच ग्रुपची स्कीम आहे." आहेच. "हप्ता खात्यातून आपोआप जाईल." जातो. "मध्येच मोडताही येते." येते की! मोडल्यावर हातात किती पडतं, ते तेवढं राहिलं. मग स्लिपच्या पाठीमागे पेनाने लिहून दिलं: 10 लाखाचे 20 लाख, 100% गॅरंटी.

आता हिशेब बघा. दरवर्षी 1 लाख, असं 10 वर्षं भरायचं आणि 20 लाख मिळणार विसावं वर्ष संपल्यावर. म्हणजे परतावा वर्षाला साधारण साडेचार टक्के. वर्षांचा आकडा स्लिपवर कुठेच नव्हता. आई आज 58 ची आहे, पैसे येतील तेव्हा 78 ची असेल.

वर बजावलं होतं, "कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा." तक्रार करायला गेलात की त्या फोनचंच रेकॉर्डिंग ऐकवतात.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "आमच्या माणसाने चुकीचं काहीच सांगितलेलं नाही." नरो वा कुंजरो वा! समोरच्या बाईचा काय समज होतोय ते दिसत असताना, तोच व्हावा म्हणून वाक्यं बेतायची, याला मी तरी खोटं बोलणंच म्हणतो. 1872 च्या करार कायद्याचं 17 वं कलमही माहीत असलेली गोष्ट फसवण्यासाठी दडवणं म्हणजे कपटच मानतं. नुसतं गप्प बसणं मात्र त्यात सहसा येत नाही, आणि ही मंडळी नेमकी त्या फटीतून निसटतात.

पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. आम्ही तेच केलं, किरकोळ कपात होऊन पैसे आले. मुदत उलटली असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी लागत नाही. हाताने लिहून दिलेलं चिटोरं असेल तर मूळ प्रत कुणाच्या हाती देऊ नका. मॅनेजरसाहेबांचा सूर बदलला तो आम्ही स्लिपचा फोटो दाखवल्यावर.